कन्नाभाऊंच्या गावची चार

माझी नात नागपुरात असते. परवा तिनं मला फोनवर एक फोटो दाखवला. द्रोणात काळीभोर चार, आणि खाली लिहिलेलं: "ओळखा पाहू, ही कुठली बेरी?" त्याखाली लोकांनी वाट्टेल ती उत्तरं दिलेली. कुणी करवंद म्हणतंय, कुणी जांभूळ, एका शहाण्यानं तर विलायती नाव ठोकून दिलंय. माझं डोकंच फिरलं. बेरी म्हणे! अरे, आमच्या चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलात या फळाला दर पन्नास मैलांवर वेगळं नाव आहे, आणि त्यातलं एकही तुम्हाला माहीत नाही? नात म्हणाली, "मग तुम्हीच लिहा ना आजोबा." असा हा ब्लॉग माझ्या गळ्यात पडला. अंगठ्यानं टाइप करतोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मी वरोऱ्याचा. अब्बांचं दुकान होतं: चारोळी, डिंक, हिरडा, मध. घरात आम्ही हिंदी बोलायचो आणि दुकानात वऱ्हाडी, पण इथं सगळं मराठीतच लिहितो. दर उन्हाळ्यात गफूरमामू, म्हणजे अम्मीचा धाकटा भाऊ, मीठ आणि तांदूळ घेऊन आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलात जायचा आणि बदल्यात चारीच्या बिया आणायचा. ज्यांनी फक्त बासुंदीवरची चारोळी पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. चार म्हणजे करवंदापेक्षा लहान, काळंजांभळं फळ. गर पातळ आणि आंबटगोड, आत टणक बी. ती बी फोडली की निघते ती चारोळी. जंगलातली माणसं गर खायची आणि बिया आम्हाला द्यायची.

हे सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराचं. आम्ही नुकतेच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो आणि कुणाला काडीचा फरक पडला नव्हता. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन रिकामा बसलो होतो. अब्बा म्हणाले, "इथी माश्या मारण्यापरीस मामूसोबत जा, माल पाहायला शिक." मी एका पायावर तयार झालो. जंगल पाहायचं होतं, वाघ पाहायचा होता. अक्कल म्हणून नव्हती.

निघायच्या आधी मामू कामासाठी चांद्याला गेला आणि येताना एका म्हाताऱ्या माणसाला घेऊन आला. अंगावर एक पंचा, केस पांढरे, पायांच्या नुसत्या काड्या. हे कन्नाभाऊ. मामू ज्या माडिया गावात दरवर्षी जायचा, तिथले ते पेरमा, म्हणजे गावचे पुजारी. जंगल जाळून शेती केली म्हणून खटला झाला होता आणि काही महिने चांद्याच्या तुरुंगात काढून ते सुटले होते. सुटले, पण घरी कसं जायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. स्टेशनाबाहेर बसलेले मामूला दिसले.

कन्नाभाऊंना लगेच चालत निघायचं होतं. झाडीपट्टीच्या बाजारांतून वर्षानुवर्षं फिरल्यानं त्यांना मोडकीतोडकी झाडीबोली यायची. "चार पिकून राह्यली असंल," ते म्हणाले. "पंडुम कोन करंल?"

पंडुम काय ते मामूनं मला समजावलं. उन्हाळ्याची फळं, आंबा असो, चार असो, टेंभर असो, पेरमा देवाला दाखवत नाही तोवर त्या गावात कुणी तोंडात घालत नाही. लहान पोरंसुद्धा नाही. आधी खाल्लं तर गावावर वाघ येतो, नाहीतर रोग. आणि आदल्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, धान कधीच संपलं असणार. म्हणजे कन्नाभाऊ पोचेपर्यंत झाडं लदलेली आणि माणसं उपाशी! मामू म्हणाला, "पायी जाल तर रस्त्यातच मराल. ईद झाली की मोटारनं नेतो." म्हाताऱ्याला ते पटलं.

त्या साली ईद भर उन्हाळ्यात आली होती. अब्बांकडे सिरोंच्याकडून नव्या चारोळीचं पहिलं पोतं आलं होतं आणि ते त्यांनी सरळ घरात पाठवलं. "ईदेला माझ्या घरात जुना माल नको," असा त्यांचा खाक्या. अम्मीनं चारोळी भिजवून, सोलून शीरखुर्म्यात घातली. दूध, शेवया, खारीक, खोबरं, सगळं आटवून घट्ट केलेलं. ओसरीवर बसलेल्या कन्नाभाऊंना तिनं स्वतः वाटी नेऊन दिली.

"हे काय हाये, बाई?"

"खीर हाय जी. खा. मोठा सन हाय आमचा."

त्यांनी वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. अम्मीनं आणखी दिली. तुरुंगातून आलेला माणूस आपल्या हातच्या दोन-दोन वाट्या खातो, याचं तिला केवढं कौतुक! दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

दुसऱ्या दिवशी निघालो. वरोऱ्याहून चांद्यापर्यंत रेल्वे, तिथून मूल गावापर्यंत खचाखच भरलेली मोटार, भाडं आण्यांत. मी टपावर मिठाच्या पोत्यांवर बसलो होतो आणि मूलला उतरलो तेव्हा धुळीनं माझी मिशी पांढरी झाली होती. खाणावळीत भात, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी मिळाली. बाहेर बाया टोपल्या घेऊन बसलेल्या. टेंभुर्णीच्या पिवळ्या फळांना तिकडे "टेंभर" म्हणतात. मी कन्नाभाऊंना विचारलं, तुमच्याकडे काय म्हणता? "तुमरी." बोराला? "रेंगा." जांभळाला? "नेंडी." आणि चारीला? ते टोपलीकडे बघत म्हणाले, "रेका."

टोपलीवाल्या बाईनं त्यांचं खपाटीला गेलेलं पोट बघून मूठभर चार पुढे केली. "घ्या ना बाबाजी. पैसे नोको."

"नाई बाई. आमचा पंडुम नाई झाला."

"तुमच्या गावचा नाई झाला तं इथी काऊन नाई खायचं?"

"मी पेरमा हावो," ते म्हणाले आणि मोटारीकडे चालू लागले. बाईनं ती मूठ माझ्या हातात ओतली आणि मी सावलीपर्यंत थुंकत थुंकत बिया टाकत गेलो.

वैनगंगेला तेव्हा पूल कुठला! उन्हाळ्याची नदी बारीक झाली होती, तरी वाळूतून सामान वाहून आमचा जीव गेला. गडचिरोली त्या काळी चांद्याचाच एक तालुका. आज तिथं जिल्ह्याची ऑफिसं आहेत, दवाखाना आहे, सकाळ-संध्याकाळ एसटी आहे. आम्ही एका झाडाखाली चूल मांडून भात रांधला होता. पुढे चामोर्शी, आणि तिथून आलापल्लीपर्यंत लाकडाच्या ठेकेदाराच्या लारीवर. रस्ता कसला, खड्डेच. पण दोन्ही बाजूंना साग असे की मान मोडेपर्यंत वर बघावं. कन्नाभाऊ मात्र वर बघत नव्हते. जिथं जिथं चारीचं झाड दिसे तिथं ते खालची जमीन बघत, फळ गळायला लागलं की काय ते.

आलापल्लीत बाजार होता. तेलुगू बाया चारीला "मोर्री" म्हणून हाका मारत होत्या, टेंभराला "तुनिकी". मला मजा वाटत होती. फळ तेच, चवही तीच, आणि नाव तेवढं पुन्हा बदललेलं. तेवढ्यात कन्नाभाऊंना त्यांच्या गावचा एक माणूस भेटला, बिरजू नावाचा. दोघं त्यांच्या भाषेत बोलले. बोलणं थोडंच झालं, पण कन्नाभाऊ आता निघा म्हणून मामूची बाही ओढायला लागले.

बिरजूनं मामूला झाडीबोलीत सांगितलं. ढगाळ हवेनं मोहाची फुलं धरलीच नाहीत. धान होळीलाच संपलं. लोक कंद उकरून खातायत. चार पिकून काळी झालीय आणि सगळे पेरमाची वाट पाहतायत. आणि कन्नाभाऊंची नात, सोमारी, सात-आठ वर्षांची, तापानं अंथरुणाला खिळलीय. "रोज रेका मागते," बिरजू म्हणाला. "तिची माय देत नाई."

मामूनं त्याच दिवशी बैलगाडी भाड्यानं घेतली. मीठ, तांदूळ लादले आणि स्वतःच कासरा हातात घेतला. बिरजू पाऊलवाटेनं पुढे पळाला, पेरमा येतोय हे सांगायला. त्याच्या हाती आम्ही थोडे तांदूळही दिले. गाडीवाट फार लांबून फिरून जायची आणि रात्री बैलांना थांबवावं लागायचं.

वाटेत कन्नाभाऊंना हगवण लागली. भात पोटात टिकेना, पाणी टिकेना. दुसऱ्या दुपारी ते गाडीत नुसते पडून होते. मामूचा स्वभाव एकदम मऊ, कुणाचं दुखणं त्याला बघवायचं नाही. त्यानं गाडी थांबवली, झाडाची मूठभर चार तोडली आणि त्यांच्या तोंडाशी नेली.

"दोन दाणे चोखा कन्नाभाऊ. तोंडाले चव येईल. गाव अजून दूर हाये, तुम्हीच नाई पोचले तं पंडुम कोन करंल?"

त्यांनी मान फिरवली.

"अवो, इतकं काऊन भेता?" मामू समजुतीनं म्हणाला. "ईदेले तुम्ही आमच्या घरी चारोळी खाल्लीच ना खिरीत? झालं काई? आला वाघ?"

कन्नाभाऊ हळूहळू उठून बसले. त्यांनी मामूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खिरीतले ते पांढरे मऊ दाणे चारीचे होते, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांच्याकडे बी कुणी शिजवून खातच नाही.

"जुनी का नवी?" त्यांनी विचारलं.

मला तो प्रश्नच कळला नाही. गेल्या सालच्या चारीचा पंडुम झालेला होता, ती खाल्ली तर काही बिघडत नव्हतं, हे नंतर उमगलं. पण मामूला विचार करायला वेळच कुठं होता? जन्मभर गिऱ्हाईक हाच प्रश्न विचारत आलेलं, आणि जन्मभर त्याचं उत्तर एकच. छाती काढून तो म्हणाला, "नवी! एकदम नवी! जुना माल आमच्या घरात ईदेले चालतच नाई."

बोलून झाल्यावर त्याचा चेहरा असा पडला की मला बघवेना. "नाई, नाई, थांबा," तो म्हणाला. "जुनी होती. मले आठवलं. जुनीच होती, कन्नाभाऊ, अल्लाची कसम."

"गफूरभाऊ, तू वेपारी हायेस," ते शांतपणे म्हणाले. "मालाचं पहिलं बोलला थेच खरं."

गाव येईपर्यंत मामू त्यांना विनवत होता. कुणाला कळणार आहे? मी सांगणार नाही, हा पोरगा सांगणार नाही. तुम्ही मुद्दाम थोडीच खाल्ली? देव इतका आंधळा असतो का? तुमची नात तिकडे पडली आहे! कन्नाभाऊ सगळं ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "वाघ येते तं माह्या घरी नाई येत. कोनाच्याबी घरी जाते." मामूनं कासरा आवळला आणि बैल हाकले. मला मात्र तेव्हा म्हाताऱ्याचा राग आला होता, खरं सांगतो. आणि मामूचा त्याहून जास्त. कशाला तोंड उघडलं या माणसानं?

गावात पंधरा-वीस झोपड्या असतील. देवाच्या दगडापुढची जागा सारवून ठेवली होती. बाया रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या आणि पोरं, पोटं पुढे आलेली आणि हातपाय वाळलेली, गाडीकडे न बघता झाडांकडे बघत होती. चारीची झाडं अगदी घरांना लागून. खाली पडलेल्या फळांवर मुंग्या लागलेल्या, आणि कुणी एक उचललं नव्हतं.

कन्नाभाऊ गाडीतून उतरले आणि उभ्याउभ्याच बोलले. मला त्यांची भाषा येत नव्हती. मला एवढंच दिसलं की बोलता बोलता त्यांनी आपल्या तोंडाला हात लावला, आणि एकेक बाई टोपली घेऊन घरात जायला लागली. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. बिरजू आणि आणखी एक जण लगेच निघाले. डोंगरापलीकडच्या भाऊबंदांच्या गावचा पेरमा आणायचा, तोच आता पंडुम करू शकत होता. जायला-यायला तीन दिवस.

मामूनं आणलेले सगळे तांदूळ चौकात ओतले. व्यापार गेला चुलीत, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. लोकांनी पेज करून प्याली. सोमारीलाही पाजली, पण तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. मी तिला एकदाच पाहिलं. केस तापानं झडलेले, डोळे तेवढे मोठे. ती काहीतरी म्हणाली त्यातला एक शब्द मला कळला, कारण तो मला मूलच्या बाजारात तिच्या आजोबांनीच शिकवला होता. रेका.

तिच्या आईनं तिच्या ओठांना पाणी लावलं. कन्नाभाऊ उंबऱ्याशी बसले होते. झाड तिथून हातभर अंतरावर होतं. मी मामूकडे पाहिलं, मामूनं माझं मनगट घट्ट धरलं. त्याला कळलं होतं माझ्या मनात काय आहे.

दुसऱ्या संध्याकाळी वादळ आलं आणि निम्मी चार मातीत गेली. पहाटे सोमारी गेली. पलीकडचा पेरमा तिला पुरल्यानंतर पोचला.

पंडुम झाला. पलीकडच्या पेरमानं दगडापुढे चार ठेवली, काही म्हटलं, आणि पोरं झाडांवर तुटून पडली. सगळ्यांची तोंडं क्षणात जांभळी झाली. मी इतकी चार आयुष्यात कधी पाहिली नाही आणि इतकं शांतपणे खाणंही. कन्नाभाऊ दूर बसले होते, त्यांना त्या जागेत पाऊल ठेवायचं नव्हतं. सोमारीच्या आईनं त्यांच्यापुढे पानावर फळं आणून ठेवली. त्यांनी ती उचलली नाहीत.

आम्ही निघालो तेव्हा मामूला वर बघवत नव्हतं. कन्नाभाऊ गाडीपर्यंत आले. मला वाटलं आता बोलतील, दोन शब्द तरी सुनावतील. मनातून मला ते हवंच होतं. त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि मामूला म्हणाले, "तुह्या बयनीले सांगजो, खीर गोड होती."

मामू आलापल्लीपर्यंत रडत होता. लारीवाल्यानं विचारलं, काय झालं, तर मी धूळ गेली म्हणून सांगितलं.

वरोऱ्याला पोचलो. अम्मीनं पाणी द्यायच्या आधी विचारलं, "म्हातारबा पोचले का घरी धड?" मामू म्हणाला, "पोचले. खीर गोड होती म्हणाले." ती केवढी हरखली! आम्ही पुढचं काही सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तिनं प्रेमानं वाढलं होतं, तिला काय सांगणार?

मामू पुढे बरीच वर्षं त्या गावाला गेला. पण आता चारीच्या हंगामाच्या आधी, तांदळाचं एक पोतं टाकून यायचा. कन्नाभाऊ ते गावासाठी घ्यायचे, मामूशी नीट बोलायचे, बैलांची चौकशी करायचे. आमच्या हातचं पाणीसुद्धा त्यांनी पुन्हा घेतलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. आलापल्लीपर्यंत आता एसटी मिळते, नदीवर पूल आहे, मे महिन्यात मात्र पाणी भरपूर ठेवा. रस्त्याच्या कडेला द्रोणात चार घेऊन बसलेल्या बाया दिसतील. त्यांना नाव विचारा. कुणी चार म्हणेल, कुणी रेका, कुणी मोर्री. "बेरी" म्हणू नका, एवढं माझं ऐका. आणि आतल्या एखाद्या गावात झाड लदलेलं दिसलं आणि कुणी हात लावत नसेल, तर तुम्हीही लावू नका.

आता एवढंच सांगून थांबतो. चंद्राच्या हिशोबानं ईद दरवर्षी थोडी आधी येते, त्यामुळे ती फिरत फिरत हिवाळ्यात गेली, पावसाळ्यात गेली. मामू दर ईदेला आमच्याकडे यायचा आणि वाटी हातात घेतली की विचारायचा, "आपा, चारोळी जुनी का नवी?" अम्मी हसायची. "अरे, या दिवसांत नवी कुठून आणू? जुनीच आहे." मग तो निमूट खायचा. घरातल्यांना वाटे, व्यापाऱ्याची खोड.

तीसेक वर्षांनी ईद पुन्हा उन्हाळ्यात आली. अम्मी पार वाकली होती, मामूचे दात गेले होते. तिनं वाटी दिली, त्यानं विचारलं, आणि अम्मी तोंडभर हसून म्हणाली, "नवी! यंदा एकदम नवी. तुझ्यासाठी खास मागवली."

मामूनं वाटी खाली ठेवली.

"का रे? गोड नाही झाला?" अम्मीनं विचारलं.

"गोडच असेल, आपा," मामू म्हणाला आणि वाटी माझ्याकडे सरकवली. मी ती तशीच उचलून आत नेऊन ठेवली.